हट्ट्याच्या कॅनॉलातलं गलबत

माणिकरावांना थापाड्या म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं, ही हट्टा गावाची जुनी रीत. लग्नाआधी घरातून पळून जाऊन आपण दोन वर्षं मंगळुरी कौलं वाहणाऱ्या गलबतावर खलाशी होतो, असं ते छातीठोकपणे सांगत. कॅनॉलाहून मोठं पाणी न पाहिलेल्या गावाने ते का मानावं? खरं तर त्यांच्या बायकोने, शालूबाईंनीही कधी मानलं नव्हतं. लोक हसले की त्याही पदराआड हसत. माणिकरावांना गावाचं काही वाटत नसे, पण हे पदराआडचं हसणं फार सलायचं.

शेवटी दोन हजार सालच्या हिवाळ्यात माणूस पेटला. सागवानाचे तुकडे तासून त्यांनी दीड हाताचं गलबत बांधलं. पुढे झुकलेली डोलकाठी, सुकाणू, मधोमध माल भरायचा खण, जुन्या धोतराचं तिरकं शीड. ते पाण्यात सोडायचं होतं त्या दिवशी शालूबाईंचं कशातच लक्ष लागेना. भाजी करपली, तीही दोघांनी तशीच खाल्ली.

कॅनॉलावर अर्धं गाव लोटलं. माणिकरावांनी गलबत अलगद पाण्यात ठेवलं, हात काढला, आणि ते तिथल्या तिथे कुशीवर आडवं झालं.

"कौलं बुडाली की हो," शेजारचे तातेराव म्हणाले. काठावर हशा पिकला.

शालूबाईंना नवऱ्याकडे बघवेना. बघितलं, तर तो कपाळावर हात मारून स्वतःच हसत होता.

"हसून कायला राहिले तुमी?"

"अगं, तळाला वजन टाकायचं इसरलो. माल नसला की आमी दगड भरायचो. रिकामं गलबत हुभंच राहत न्हाई."

थापा मारणाऱ्याला हे सुचलं नसतं. शालूबाईंना ते चटकन उमगलं. त्या तिथेच बसल्या, मुरमाचे खडे वेचून पदरात घेतले आणि भराभरा खण भरला.

आता गलबत ताठ उभं राहिलं. शिडात वारा भरला आणि ते सुटलंच! पोरं ओरडत काठाने धावली. माणिकराव जागेवरच उभे होते, पण त्यांचे हात हवेतच दोर ओढत होते, ढील देत होते. ते पाहून शालूबाईंना आनंद आवरेना. पदर खोचून पन्नाशीची बाई पोरांच्याही पुढे पळाली आणि पुलाजवळ गुडघाभर पाण्यात उतरून तिने गलबत धरलं.

तातेराव धापा टाकत आले. "बराबर चाललं की, वहिनी."

"चालंल न्हाई तर काय?" मागून येणाऱ्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने शालूबाई म्हणाल्या. "दोन वरीस गलबतावर होते आमचे हे."

तीस वर्षं गावाला दर्याच्या गोष्टी सांगणारे माणिकराव तसेच पाण्यात उतरले आणि शिडाचा दोर त्यांनी बायकोच्या हातात दिला.