भट्टीच्या पाठीवरची सही

मित्रांनो, या, अगदी जवळ या. हात लावलात तरी भाजणार नाही. मी एक जुनी पावभट्टी आहे, आणि सध्या माझ्या पोटात निखारे नाहीत, कोळ्यांची जाळी आहेत.

एका गवंड्याने मला विटा-मातीने बांधलं. माझं तोंड दुकानात आणि पाठ मागच्या गल्लीत. थंडीत गल्लीतली झाडून सगळी मांजरं माझ्या पाठीला चिकटून झोपायची, एवढा माझा थाट! पण भट्टीला उचलून दुसरीकडे नेता येत नाही. जिथे बांधली तिथेच ती पेटते आणि तिथेच विझते. एवढं लक्षात असू द्या.

माझे मालक दादा. कोपरापर्यंत मैद्यात बुडालेले आणि बोलायला लागले की पिठासारखे फुगणारे! त्यांच्यासोबत वरच्या खोल्यांत राहायचे मास्तर. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे, पण शाळा भरण्याआधी लांब दांड्याच्या फळीने माझ्या तोंडात पाव सारायचे. दादांनी मळायचं, मास्तरांनी भाजायचं. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. नवरा-बायकोचा असतो तसाच त्यांचा संसार होता, भांडणांसकट.

"मास्तर, करपवलास की! हा पाव आहे, तुझ्या चित्रातली रात्र नाही."

"तुझं पीठ नीट फुगू दे आधी, मग तोंड उघड."

आणि मग दोघं एकाच पावाचे दोन तुकडे करून खायचे. तो करपलेलाच पाव बरं का! गिऱ्हाइकं म्हणायची, "असा पाव कुठे मिळत नाही," आणि मी आतल्या आत लाल व्हायचे.

पुढे दादांच्या छातीत दुखू लागलं. आमच्याकडच्या कायद्यात दोन पुरुषांचं लग्न होत नाही. म्हणजे इतकी वर्षं एका ताटात जेवूनही कागदोपत्री मास्तर दादांचे कुणीच नव्हते. म्हणून एका पहाटे, पीठ फुगायला ठेवून, दादांनी मृत्युपत्र लिहिलं. दुकान, वरच्या खोल्या आणि मी, सगळं मास्तरांना. आता दोन साक्षीदार हवे होते. शेजारच्या शिंपीणकाकूंनी पहिली सही केली.

"दुसरा कुणाला बोलावू?" मास्तरांनी विचारलं.

आमच्या दुकानात एक रीतच पडली होती. कुठलाही कागद असो, खाली दादांची सही आणि बाजूला साक्षीदार म्हणून मास्तरांची. दादा हसले. "बोलवायचा कशाला? माझ्या आयुष्याला तुझ्याइतका जवळचा साक्षीदार आहे का दुसरा कुणी?"

मास्तर लाजले आणि त्यांनी झोकदार सही ठोकली.

"अरे, एकदा वकिलाला दाखवा रे बाबांनो," काकू म्हणाल्या.

"दाखवू की! आधी पाव काढू. पीठ कुणासाठी थांबत नाही, काकू."

पाव निघाले. दुसऱ्या दिवशीही निघाले. वकिलाकडे जाणं तेवढं राहून गेलं.

दादा गेले तेव्हा त्यांची थोरली बहीण आली. ताई काही दुष्ट नव्हत्या. आल्या तेव्हा भावासाठी खरोखर रडल्या. पण मग मृत्युपत्र बघायला बोलावलेल्या वकीलबाईंनी दुकानातच उभं राहून ते वाचलं आणि त्यांचा आवाज खाली आला.

"मास्तर, ज्याला मिळायचं असतं त्यानेच साक्षीदार व्हायचं नसतं. तुम्ही सही केलीत, म्हणून तुम्हाला दिलेलं सगळं रद्द झालं. आता वारस या ताई."

"पण त्यानेच सांगितलं होतं, मला सही कर म्हणून," मास्तर म्हणाले.

"मी तरी काय करू हो?" ताई म्हणाल्या. "कायद्याने आलंय ते मी का सोडू? तुम्ही तुमचं सामान घेऊन जा सावकाश."

मास्तरांनी आपले रंग आणि कुंचले उचलले. मग पाव सारायच्या फळीवर हात ठेवून विचारलं, "ही नेऊ?"

"ती दुकानातच मोडते ना?"

मास्तरांनी फळी पुन्हा भिंतीला टेकवली. दाराला कुलूप लागलं. अजूनही ती फळी आणि मी एकमेकींकडे बघत बसतो. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. पण मित्रांनो, मी फिरले नाही. मला फिरताच येत नाही ना!

मास्तर आता दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत राहतात. शाळेत जाताना रोज मागच्या गल्लीतून येतात आणि माझ्या पाठीवर तळहात टेकतात. "थंड पडलीस गं," म्हणतात. मला ओरडून सांगावंसं वाटतं, मास्तर, एक काडी ओढा, मी अजून तीच आहे! पण विटांना कुठला आवाज?

मागच्या थंडीत त्यांना गाठायला आमची जुनी गिऱ्हाइकं गल्लीत आली. नर्सताई आणि तिची जोडीदार, बसमध्ये कंडक्टर असलेली बसवाली. संसार दोघींचा, घर मात्र एकट्या नर्सताईच्या नावावर. ते बसवालीला देणारं मृत्युपत्र या वेळी वकीलबाईंनीच तयार केलं होतं. शिंपीणकाकूही टेप गळ्यात तशीच ठेवून धावत आल्या.

"तुमचं ऐकून आमची झोपच उडाली, मास्तर," नर्सताई म्हणाली. "साक्षीदार व्हाल?"

मास्तरांनी कागद हातात घेऊन अगदी खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, "होतो. तुमच्या घरातला एक चमचासुद्धा माझ्या वाट्याला येणार नाही ना? मग मी चालतो."

कागद ठेवायला टेबल कुठलं? त्यांनी तो माझ्याच पाठीवर धरला. बसवाली सवयीने पेन द्यायला पुढे झाली.

"ए, मागे हो!" मास्तर केवढ्याने ओरडले. "तू पेनाला हातसुद्धा लावायचा नाहीस!"

ती बिचारी दोन्ही हात पाठीमागे बांधून, शिक्षा झालेल्या मुलीसारखी उभी राहिली. काकू हसता हसता डोळे पुसू लागल्या. सगळ्यांसमोर नर्सताईने सही केली, मग काकूंनी, शेवटी मास्तरांनी. त्यांचा हात इतका दाबून चालला की पेनाचं टोक कागदातून आरपार माझ्या विटेत घुसलं.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत अशी दोन माणसं असतील, तर त्यांना माझा निरोप द्या. पीठ फुगेपर्यंत थोडा वेळ असतो. तेवढ्यात वकिलाकडे जाऊन या. एखाद्या दिवशी पाव उशिरा निघाले तरी चालतात.

आणि कधी त्या गल्लीतून गेलात तर माझी पाठ बघा. एका विटेवर निळ्या शाईचा ठिपका दिसेल. मास्तर हल्ली हात तिथेच टेकतात. ते गेल्यावर तळहाताएवढी जागा जराशी ऊबदार राहते. एक मांजर तेवढ्याच जागेला येऊन चिकटतं, आणि मी उद्याच्या सकाळची वाट बघू लागते.