पक्कडीचे ओरखडे

वस्तादांचा बायकोपेक्षाही स्वतःच्या हातांवर जास्त विश्वास होता, आणि हे ते बायकोच्या तोंडावर सांगत. उभा जन्म गाड्यांखाली पाठ टेकून काढलेला माणूस, लोक काय उगाच वस्ताद म्हणत होते? काम सोडल्यावर शेडमध्ये एकच गाडी उरली होती, त्यांच्या लग्नाआधीची, गोल दिव्यांची. सध्या तिची रेसची वायर त्यांचं डोकं खात होती.

काम तसं पोरखेळ. पॅडल दाबलं की वायर ओढली जाते, कार्बोरेटरची झडप उघडते आणि गाडी पळते. वायर सैल पडली की पॅडल तळाला टेकलं तरी गाडी रांगतेच. मग वायरीच्या टोकाचे दोन नट फिरवून ताण जुळवायचा, किंचित ढील ठेवायची, पान्यांनी नट आवळायचे, संपलं. वस्तादांनी ते सोमवारी केलं. बुधवारी पॅडल दाबलं तर पोकळ, नट मोकळे. पुन्हा आवळले. शुक्रवारी पुन्हा तेच! सोमवारपासून गाडी शेडबाहेर निघालीच नव्हती, मग धक्क्यांनी नट सुटावेत तरी कसे?

वस्ताद बॉनेटखाली मान घालून उभेच राहिले. आवळले होते ना आपण? पाना हातात धरल्याचं आठवत होतं, पण ते कुठल्या दिवशीचं? काम झाल्यावर फडक्याला हात पुसले, ते या गाडीचं की पूर्वीच्या कुठल्या? आठवायला जावं तसा गुंता वाढत होता. त्यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा हरवायचा, मग घरचा रस्ता, आणि शेवटी त्याने वस्तादांनाच विचारलं होतं, “आपण कोण?” वस्तादांनी मुकाट्याने नट आवळले आणि बायकोला काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी वायर पुन्हा सैल. वस्ताद अगदी रडकुंडीला आले. टॉर्च नटांवर धरला आणि बघतच राहिले. नटांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, वर ताजे ओरखडे. पक्कड! नटाला पक्कड लावणाऱ्याला त्यांनी कधी शेडमध्ये पाय ठेवू दिला नव्हता. हे काही आपल्या हातचं काम नव्हे. वस्तादांचा जीव भांड्यात पडला.

बायको स्वयंपाकघरात भांडी पुसत होती.

“अगं, गाडीला हात कोणी लावला?”

“मी लावला. काय करायचंय ते करा.” तिने वळूनही पाहिलं नाही. “गेल्या महिन्यात त्या वळणावर काय गाडी हाणलीत! माझी पाचावर धारण बसली होती. म्हटलं, पळूच नये मेली.”

“आणि तुला वायर कशी कळली?”

“जन्मभर तुमची बडबड ऐकतेय. एवढंही कळायचं नाही?”

वस्ताद हसत सुटले. चोर घरातच होता आणि डोकं जागेवर होतं! “बाई गं, वेड लागायची पाळी आणलीस माझ्यावर. तीन-तीनदा सैल केलीस, एकदा तरी बोलायचं!”

“तीनदा कुठे? कालच तर केली. एकदाच.”

वस्तादांचं हसू तोंडातच राहिलं.

ती आता वळली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. आजारी दिरांचं सगळं तिनेच केलं होतं. हातातलं फडकं खाली ठेवत ती म्हणाली, “नाही हो, आधीही मीच केली होती. दोनदा. मीच विसरले बघा.”

वस्तादांना विश्वास ठेवायचा होता, मनापासून ठेवायचा होता. पण बुधवारचे नट डोळ्यांपुढे आले: कडा कोऱ्या, ओरखडा एक नाही. की ते तसे नव्हतेच? आता त्यांना कशाचीच खात्री देता येईना.

“चल जरा,” ते म्हणाले.

शेडमध्ये त्यांनी तिला स्टिअरिंगमागे बसवलं. “दाब पॅडल. पूर्ण दाब.” झडप पुरती उघडली. “आता सोड.” त्यांनी ढील बघितली, दोन्ही पाने लावले, नट आवळले. मग तिला खाली बोलावून तिचं बोट नटावर टेकवलं.

“घट्ट आहे?”

“आहे.”

“मी आवळला. तू बघितलंस.”

“बघितलं हो.”

“मग तू लक्षात ठेव,” वस्ताद म्हणाले. तिचा हात त्यांनी सोडला नाही.