रोहूचा चारा

शनिवारी इरावती लोअर परळच्या ऑफिसातून लालबागला घरी आली, तेव्हा अप्पा स्वयंपाकघरात पाटावर बसून चारा मळत होते. कणीक, शेंगदाण्याची पेंड, भाजलेला कोंडा आणि वर वेलची. रविवारी पवईच्या तळ्यावर रोहू धरायला जाताना हा गोळा बरोबर हवाच.

"पोळ्यांची परात घेतलीत पुन्हा," ती म्हणाली.

"दुसरीला कांद्याचा वास येतो. रोहू फार नखरेल."

पर्स खुंटीला अडकवून ती तशीच ओट्याशी उभी राहिली. भात लावायचा होता, अप्पांच्या गोळ्या काढून ठेवायच्या होत्या.

"दमलीस का गं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"छे."

प्रश्न रोजचा, उत्तरही रोजचं. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासूनचं. आई गेली, तरी ते राहिलं. दमले म्हटलं असतं, तर अप्पांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच कुकर लावायला घेतला असता आणि आपलं ओझं पोरीवर पडलं म्हणून रात्रभर कूस बदलत पडले असते. त्यापेक्षा छे बरं.

"उद्या चल तळ्यावर. थंडीत गळाला काही लागत नाही. नुसतं बसायचं."

"लागत नाही तर जाता कशाला? आणि लागला तरी सोडून देता."

"थंडीत रोहू तळाशी जाऊन पडून राहतो. खात नाही, फिरत नाही. त्याला कुणी विचारत नाही, का रे बाबा बसलास."

"कपडे वाळत घालायचेत उद्या," ती म्हणाली आणि तांदूळ धुवायला घेतले.

पहाटे अप्पांचा गजर वाजत राहिला. तो बंद करायला ती त्यांच्या खोलीत गेली, तेव्हा ते झोपेतच गेले होते. पुढच्या धावपळीत चाऱ्याचा गोळा शेजारच्या राधाबाईंनी टाकून दिला. परात घासून जागेवर ठेवली.

तेराव्यानंतर दत्ताराम आला. वरळी कोळीवाड्यातला, अप्पांच्याच ऑफिसातून निवृत्त झालेला. दर रविवारी अप्पांशेजारी बसून त्यांची टिंगल करणं हे त्याचं काम. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे भिजवलेला कापूस, असं त्याचं ठाम मत.

"बाय, तुझा बाप एकाच कोपऱ्यात चारा टाकायचा," तो म्हणाला. "माशांना सवय झालीय. त्यांना कोण सांगणार? उद्या मळून आण. मी टॅक्सी घेऊन येतो."

तिला नाही म्हणायचाही कंटाळा आला.

तळ्यावर धुकं अजून पाण्याला धरून होतं. दत्तारामने अप्पांची गळाची काठी जोडली, तिने डबा उघडला. त्याने चिमूटभर चारा जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ टाकलंस?"

इरावतीने डब्याकडे पाहिलं. पोळ्यांची परात, पोळ्यांची कणीक. हात आपोआप मिठाच्या बरणीत गेला असणार. तेलाचं मोहनही घातलं होतं.

"तुझ्या बापाने मला शिव्या घातल्या असत्या. कोळ्याच्या नादाने पोरगी बिघडली म्हणून."

ती हसली. कितीतरी दिवसांनी. मग तिने तोच चारा अप्पांच्या कोपऱ्यात थोडा थोडा टाकला. गळ पाण्यात गेला, बुचाचा तुकडा वर येऊन स्थिर झाला. दोघं बसून राहिली. बूच हललं नाही.

"दमलीस काय गं?" दत्तारामने विचारलं.

"छे."

"बरं. चहा मिळतो का बघतो," म्हणत तो गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि रस्त्याकडे गेला.

शेजारी अप्पांची घडीची खुर्ची रिकामी होती. ती आणायची गरज नव्हती, पण दत्तारामने सवयीने आणली होती. इरावतीने काठी तिच्यावर टेकवून ठेवली आणि पाय पसरले. घरी कुणी भाताची वाट बघत नव्हतं. खालच्या गार पाण्यात कुठेतरी ते जड मासे पडून असतील.

"अप्पा," ती पाण्याकडे बघत मोठ्याने म्हणाली, "दमले हो मी. केव्हाची दमलेय."