अधांतरी महाराजांची शिळा

सभागृहातली एकही खुर्ची रिकामी नव्हती. मंचावर मखमल अंथरलेलं मेज होतं. महाराजांनी धूर ओकणाऱ्या भांड्यातून चिमट्याने साबणाच्या वडीएवढी काळी शिळा काढली, मेजावर सोडली, आणि ती मखमलीच्या बोटभर वरच राहिली. लोकांनी हात जोडले.

"अणूअणूत चैतन्य, चैतन्यात क्वांटम आणि क्वांटममध्ये मी," महाराज म्हणाले.

थोड्या वेळाने शिळा खाली बसली. "कुणाच्या तरी मनात शंका आली," महाराज खिन्नपणे म्हणाले. सगळे एकमेकांकडे संशयाने बघू लागले.

माझ्या सासूबाई पहिल्या रांगेत. शिळेचं पाणी प्यायल्याने रक्तदाब उतरतो म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या. परवा न्हाणीघरात चक्कर येऊन खाली बसल्या, तेव्हा मी घाबरून नणंदेला बोलावून घेतलं. ताई पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करतात.

"आधी डोळ्यांनी बघ, मग बोल," सासूबाईंनी लेकीला बजावलं होतं.

ताईंनी बघितलं. बाहेर आल्यावर त्यांना हसू आवरेना. "वहिनी, असलीच शिळा माझ्या टेबलावर कागद दाबायला ठेवलीय."

पुढच्या सभेला त्या थर्मास घेऊन आल्या. शिळा खाली बसली, महाराजांनी विचारलं, "कुणाला शंका आली?"

"मला," म्हणत ताई मंचावर गेल्या. "मी पूर्ण शंका धरून माझी शिळा ठेवते. पडली तर तुमचं खरं."

एवढ्या लोकांसमोर महाराजांना नाही म्हणता येईना. ताईंनी हातमोजे घातले, थर्मासमधल्या तसाच धूर सोडणाऱ्या, अतिथंड द्रव नायट्रोजनमधून आपली वडी काढून मेजावर ठेवली. ती तरंगली. त्यांनी टिचकी मारली, तर गरगर फिरलीसुद्धा.

"आई, तुझी साडीची पिन दे."

पिन मखमलीजवळ नेताच टकन चिकटली. ताईंनी मखमल उचलली. खाली चुंबकांच्या रांगा होत्या.

"पण चुंबकावर दगड कसा तरंगतो?" किराणा दुकानदाराने विचारलं.

"हा दगड नाही, तांबं आणि ऑक्सिजन असलेली, भट्टीत भाजलेली वडी आहे. समजा, या खुर्च्या म्हणजे अणू आणि तुम्ही इलेक्ट्रॉन. प्रत्येक खुर्चीत एक जण. शेजारच्याच्या मांडीवर बसायला गेलात तर भांडण होणार. म्हणून कुणी हलत नाही, वीज वाहत नाही. आता मधले पाच-सहा जण उठा."

लोक उठले. लगेच शेजारचे सरकले, त्यांच्या जागी मागचे आले, सगळ्या सभागृहात हालचाल सुरू झाली.

"भट्टीत जास्तीचा ऑक्सिजन भरून आम्ही हेच करतो, काही इलेक्ट्रॉन उठवतो. मग वडी भरपूर गार केली की उरलेले जोड्या जमवून विनाअडथळा वाहतात. अशी वडी चुंबकाचा जोर बाहेर ढकलते आणि त्यावर तरंगते. खाली बसते ती शंकेने नव्हे, ऊब लागल्याने."

"भांडखोर इलेक्ट्रॉन जोड्या का जमवतात?" दुकानदाराने पुन्हा विचारलं.

"ते अजून पुरतं कळलेलं नाही. मी त्यावरच काम करते."

महाराजांना जोर चढला. "ऐकलंत? यांना कळत नाही. तिथेच माझी कृपा आहे."

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "अहो, तिला जे कळत नाही ते ती सांगते तरी. तुम्हाला खालचे चुंबक ठाऊक होते, ते नाही सांगितलंत."

सभागृह हसण्याने दणाणलं. महाराज लघुशंकेचं निमित्त करून आत गेले ते मागच्या दाराने पसार झाले. आयुष्यात त्यांना आलेली ती पहिली शंका असावी.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आपणहून डॉक्टरांकडे गेल्या आणि मुकाट्याने बोलणी खाऊन आल्या.

एखादी गोष्ट कळत नाही यात लाज कसली? शास्त्रज्ञांनाही पुष्कळ काही कळत नाही, आणि ते तसं सांगतात. पण त्या न कळलेल्या जागेत कुणी गादी घालून बसलाच, तर त्याला चार प्रश्न विचारा. उत्तरं मिळेपर्यंत औषध मात्र चालू ठेवा.