पिवळ्या मुठीतला हात

मित्रांनो, शिलाई मशीनच्या मागे, दाराआडच्या खिळ्याला टांगलेली ती मळकी दोरी दिसते ना, ती मी. माझ्या अंगावर तीन कापडी मुठी आहेत. एक लाल, एक निळी आणि एक पिवळी. निदान एके काळी त्या त्या रंगांच्या होत्या. आज सकाळपासून घरात सॅक भरल्या जात आहेत, बाटल्यांची झाकणं सापडत नाहीत, कुणाचा तरी एक मोजा हरवला आहे, आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. उद्या सगळे राष्ट्रीय उद्यानात चालायला निघाले आहेत. मला नेणार की नाही, हे अजून कुणी बोललेलं नाही. खिळ्यावर टांगलेल्या माणसाने वाट बघण्यापलीकडे काय करावं? तेवढ्या वेळात तुम्हाला माझी गोष्ट सांगते.

मी मूळची तंबूचा तणावा, म्हणजे तंबू ताणून धरणारी दोरी. ज्या कारखान्यात आत्या तंबू शिवायची, तिथे माझा जन्म झाला. लांबलचक टेबल, खडूच्या रेघा, जाड कापडाचे गठ्ठे आणि दिवसभर खडखडणारी मशिनं. कुणीतरी मला हातभर आखूड कापलं आणि मी टाकाऊ तुकड्यांच्या पेटीत जाऊन पडले. तिथून आत्याने मला उचललं. उरलेल्या तंबूच्या कापडातून तिने तीन मुठी शिवल्या आणि माझ्या अंगावर पक्क्या बसवल्या. दोन्ही टोकांना एकेक गाठ मारली. पुढची गाठ आत्याची, मागची बाबांची आणि मधल्या तीन मुठी तीन मुलांच्या.

मुलांची आई रुग्णालयात परिचारिका होती. तिला रविवारीच हमखास ड्यूटी यायची. मग बाबा आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, मुलांना घेऊन डोंगरात, नदीकाठी, जंगलात चालायला निघायचे. थोरली नऊ वर्षांची. सगळ्यांवर हुकूम सोडायची म्हणून तिला घरात मुकादम म्हणायचे. लाल मूठ तिची. मधला सात वर्षांचा, दिवसभर प्रश्न विचारायचा, त्याचं नाव पडलं होतं चौकशी. निळी मूठ त्याची. धाकटी चार वर्षांची भिंगरी. पिवळी मूठ तिची, आणि त्या मुठीला कधी विसावा म्हणून माहीत नव्हता. भिंगरीचा हात आत फिरायचा, निघायचा, पुन्हा शिरायचा, मूठ पिरगाळायचा. चालता चालता ती मला दातांनी चावूनसुद्धा बघायची.

आत्याची एक सवय होती. कारखान्यात शिवण झाली की ती कापड दोन्ही हातांनी ओढून बघायची. टाका सरकला नाही म्हणजे काम पक्कं. ती डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त बघायची. तीच सवय तिने रस्त्यावर आणली. पुढे चालताना ती मला एक झटका द्यायची, आणि तिन्ही मुलांनी आपापली मूठ एकेकदा ओढून उत्तर द्यायचं. तीन झटके आले की आत्या म्हणायची, "सगळे आहेत." मागे बघायची गरजच नसायची.

वाटेत लोक थांबून विचारायचे, "अहो, काय छान युक्ती आहे! ही दोरी मिळते कुठे?" आत्या म्हणायची, "मिळत नाही, शिवावी लागते." आणि तिची मान ताठ व्हायची. खोटं कशाला बोलू, माझीही व्हायची. मला वाटायचं, हे घर माझ्यामुळेच एकत्र आहे.

मग तो दिवस आला.

धबधब्याचं ते उद्यान प्रसिद्ध, त्यात सुट्टीचा दिवस. गाड्या लावायला जागा नव्हती. फाटकापाशी रांग लागली होती आणि भोंग्यावरून सारखी सूचना चालू होती, "पुढे सरका, वाटेत थांबू नका." आत शिरताना प्रत्येक लहान मुलाला एकेक नारिंगी टोपी मिळाली. चौकशीने लगेच विचारलं, "मोठ्यांना का नाही?"

"मोठे हरवत नाहीत म्हणून," मुकादम म्हणाली.

"मग काल बाबांना गाडी का सापडत नव्हती?"

बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. आत्या हसून म्हणाली, "वर्गात जगाचा नकाशा, आणि बाहेर आल्यावर आपलीच गाडी सापडेना!"

तेवढ्यात बाबांच्या लक्षात आलं, की पाण्याच्या बाटल्या गाडीतच राहिल्या. "ताई, तुम्ही इथेच थांबा, मी पळत जाऊन आणतो."

"इथे थांबू कुठे? लोक ढकलतायत. आम्ही पायऱ्या चढायला लागतो, तू ये मागून. ही दोरी लांबूनही दिसते."

बाबा गेले. माझं मागचं टोक मोकळं झालं आणि पायऱ्यांवरून घसटत चाललं. पहिल्यांदाच भिंगरीच्या मागे आमचं कुणी नव्हतं.

पायऱ्या दगडी, ओल्या आणि वळणावळणाच्या. वाट एकेरी होती. वर जायचं इकडून, उतरायचं पलीकडच्या बाजूने. पुढे पाठी, मागे पोटं, मध्ये मुलं. आत्या पाय जपून टाकत होती आणि दर वळणावर मला झटका देत होती. एक, दोन, तीन. "सगळे आहेत."

तिसऱ्या वळणाआधी भिंगरी एकदम थांबली. पायरीच्या कडेला एक गोगलगाय होती, सुपारीएवढी. ती वाट ओलांडायला निघाली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी बूट पडत होते. भिंगरीने मला खेचलं. पुढून मुकादम न वळताच ओरडली, "चल गं! तुझ्यामुळे उशीर होतो नेहमी."

भिंगरीने इकडे तिकडे पाहिलं. शेजारी तिच्याच वयाचा, गोबऱ्या गालांचा एक मुलगा उभा होता. त्याच्या डोक्यावरही नारिंगी टोपी. भिंगरीने पिवळी मूठ त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "माझी जागा धर. सोडू नकोस हं." त्याने धरली. त्या वयात कुणी दोरी दिली की धरायचीच असते.

मित्रांनो, मला त्याच क्षणी कळलं. तो हात वेगळा होता. चिकट, गरम, आणि गप्प. भिंगरीचा हात असा गप्प कधीच नसायचा. मी पायरीच्या कडेवर अडकून पाहिलं, कठड्याच्या खांबाला वेढा घालून पाहिला. मुकादमने मला हिसका देऊन सोडवलं. आत्याने झटका दिला. लाल मुठीतून एक, निळीतून एक, आणि पिवळीतून? त्या मुलाला हा खेळ भारीच आवडला. त्याने तीनदा ओढलं.

"आज स्वारी खुशीत दिसतेय," आत्या हसली. "सगळे आहेत."

सगळे नव्हते. आणि हे सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं. एकेक पायरी मागे पडत होती आणि मी आतून पिळवटत होते. मुकादमने एकदा खांद्यावरून मागे नजर टाकली. तिला नारिंगी टोपी दिसली, ती पुढे वळली.

आम्ही वर धबधब्यासमोरच्या सज्ज्यावर पोहोचलो. कठड्याला माणसं चिकटलेली, प्रत्येकाला फोटोत पाणी हवं आणि इतर कुणी नको. थोड्याच वेळात बाबा धापा टाकत आले. दोन्ही हातांत बाटल्या. "सापडलात एकदाचे! खालपासून नुसती दोरी शोधत आलो." मग त्यांची नजर खाली गेली. "ताई, हा कोण?"

आत्या वळली. मी तिच्या हातात होते, म्हणून सांगते. तिची बोटं बर्फासारखी झाली.

"भिंगरी कुठंय?" बाबांनी मुलाला विचारलं.

"ती खाली बसली," तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा एकदा मला ओढलं.

बाबा खालपासून वरपर्यंत त्याच वाटेने आले होते. म्हणजे ते तिच्या शेजारूनच गेले असणार. पण ते भिंगरीला शोधत नव्हते. मला शोधत होते. आजही हे आठवलं की माझा पीळ आवळतो.

मुकादम रडायला लागली. "मी बघितलं होतं, खरंच बघितलं होतं. टोपी होती."

"आता रडू नकोस," आत्या म्हणाली. "या दोघांचे हात धर. तू इथेच थांब रे, या तिघांवरची नजर काढू नकोस." बाबांनी मान हलवली.

आत्या उलट पायऱ्या उतरायला लागली. सज्ज्याच्या तोंडाशी वनरक्षक बाई उभ्या होत्या. "अहो मावशी, इकडून उतरता येत नाही! चेंगराचेंगरी होईल."

"चार वर्षांची मुलगी राहिलीय खाली. वळणावर. पायाखाली येईल तिथे."

वनरक्षक बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ही दोरी मजबूत आहे?"

"तंबूची आहे."

मग एका टोकाला आत्या आणि दुसऱ्या टोकाला वनरक्षक बाई, अशी मी पायऱ्यांवर उभी ताणली गेले. बाईंनी शिट्टी वाजवली. "सगळे उजवीकडे! दोरीच्या पलीकडे राहा! लहान मूल आहे!" गर्दी कुरकुरत कडेला सरकली. माणसांचे खांदे, सॅक, कोपरं माझ्यावर रेलत होती आणि मी ताणून उभी होते. एकेक पायरी आम्ही खाली सरकत होतो. कुणीतरी म्हणालं, "सांभाळता येत नाही तर आणायची कशाला पोरं?" आत्याने ऐकलं. नेहमीची आत्या असती तर तिथल्या तिथे त्याची शिवण उसवली असती. त्या दिवशी ती नुसती पुढची पायरी उतरली.

एक वळण गेलं. तिथे कुणी नव्हतं. आत्या हाका मारत होती, पण धबधब्याच्या आवाजात तिची हाक तिलाही ऐकू येत नसावी.

पुढच्या वळणावर खडकाच्या खोबणीपाशी नारिंगी टोपी दिसली. टोपी पायरीवर पालथी ठेवलेली होती. तिच्या भोवती काटक्यांचं कुंपण होतं, आणि कुंपणाला टेकून भिंगरी दोन्ही हात पसरून बसली होती. जाणाऱ्या येणाऱ्यांवर ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता.

"भिंगरे!"

"आत्या, पाय! पाय बघ!" ती घोगऱ्या आवाजात ओरडली. "ती टोपीखाली आहे."

आत्या पाय बघतच खाली बसली. तिने भिंगरीला इतकं घट्ट धरलं की मी दोघींच्या मध्ये चेंगरले.

"हात का सोडलास गं?"

"सोडला नाही. त्याला दिला. जागा रिकामी ठेवली नाही मी." आणि मग तिने ते विचारलं, जे मी आजवर विसरले नाही. "तू मागे का नाही बघितलंस? मी किती हात केला तुला."

तेवढ्यात खालून एक आजोबा घाम पुसत, धडपडत वर आले. "अहो, आमचा ठोंब्या पाहिलात का? गोबरा, नारिंगी टोपीवाला?"

"आमच्याकडे आहे," आत्या म्हणाली. ती हसत होती आणि रडतही होती. "आमची जागा धरून उभा आहे बिचारा."

भिंगरीने गोगलगाय पानावर घेतली आणि पलीकडच्या शेवाळावर सोडली. तोवर कुणी तिला चल म्हणालं नाही. वनरक्षक बाईसुद्धा शिट्टी तोंडात तशीच धरून थांबल्या.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "टाकून दे ती दोरी." आत्या म्हणाली, "दोरीने काय केलं? आखडली होती माझी मान." तिने मला धुतलं, वाळवलं आणि नवा नियम केला. दर वळणावर थांबायचं, आत्याने मागे वळायचं, आणि प्रत्येकाने तिला तोंड वेडावून दाखवायचं. प्रत्येक वेळी नवं तोंड. तिला हसू आलं नाही तर वळण ओलांडायचं नाही. झटक्याने कुणी उत्तर दिलं तर ते धरायचं नाही. पुढची कितीतरी वर्षं लोकांनी आम्हाला वेड्यात काढलं. "युक्ती छान आहे," असं मात्र कुणी म्हणालं नाही, आणि मलाही ती हौस उरली नव्हती.

मग मुलं माझ्यापेक्षा उंच झाली. कधी मी कपडे वाळत घालायला लागले, कधी गादी बांधायला. शेवटी हा खिळा. एका मुठीत मुंग्यांनी घर केलं, उन्हाने रंग खाल्ला. मित्रांनो, घरातल्या जुन्या दोऱ्या टाकू नका, त्यांना ऊन द्या, पीळ सुटला तर गाठ मारा. पण आमच्यावर सगळं सोपवूही नका. आम्ही हात धरू शकतो. हात कुणाचा आहे, ते तुम्हालाच बघावं लागतं.

आता ऐका, कुणीतरी आलं. भिंगरी आहे. मोठी झाली तरी पायात तेच चक्र. तिची दोन पिल्लं मागे नाचत आहेत. त्यांच्या मनगटांवर घड्याळं आहेत. मूल कुठे आहे ते म्हणे त्यातून आईच्या फोनवर ठिपक्यासारखं दिसतं. ठिपका आहे म्हणजे मूल आहे. मला जुनी धाकधूक झाली.

भिंगरीने मला खिळ्यावरून काढलं, झटकलं, मुंग्या उडवल्या. "लाल तुला, निळी तुला," ती म्हणाली. पिल्लांनी विचारलं, "आणि पिवळी?"

भिंगरी खुर्चीपाशी गेली. तिथे आत्या बसली आहे. गुडघे थकले, पण उद्या यायचंच म्हणून हट्टाला पेटली आहे. भिंगरीने पिवळी मूठ तिच्या हातात दिली. तो हात थरथरतो हल्ली, पण मी तो कुठेही ओळखेन.

भिंगरी पुढच्या गाठीपाशी उभी राहिली आणि तिने झटका दिला. लाल मुठीतून एक, निळीतून एक. पिवळीतूनही एक आला, अगदी कारखान्यातला, पक्का.

"तसं नाही, आत्या," भिंगरी मागे वळून म्हणाली. "तोंड दाखव."

आणि माझ्या आत्याने, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, डोळे तिरळे करून जीभ बाहेर काढली.