खिडकीजवळचा रांजण

"अगं, बघ तरी! निवड काहीतरी!" मी ओरडलेच. संग्रहालयाच्या त्या दालनात कोपऱ्यातल्या पहारेकऱ्याने तोंडावर बोट ठेवलं. मी तिकडे बघितलंच नाही.

ताई काचेच्या कपाटाला हात टेकून दम खात होती. "आज तूच निवड गं. माझ्याही वाटचं घे."

"असं कुठे असतं? एकीला एकच. नियम तुझाच आहे."

नियम खरंच तिचा होता. ताई कारखान्यात शर्टांना कॉलर लावायची, मी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी धुते. तिचा नवरा राहिला नाही, मला मिळालाच नाही, म्हणून दोघी बहिणींचा संसार एका खोलीत. सुट्टी आली की लोक बाजारात जातात, आम्ही जुने किल्ले, महाल, वस्तुसंग्रहालयं पालथी घालायचो. निघताना प्रत्येकीने एक वस्तू घरी न्यायची. मनातल्या मनात हो, चोर नाही आम्ही! पण ती दारातून आत यायला हवी, आणि ठेवणार कुठे ते सांगायला हवं. राजाचा पलंग मला याच अटीपायी सोडावा लागला. "पलंग आणलास तर तू झोपशील कुठे, त्याच्याखाली?" ताई म्हणाली होती. हसून हसून आमच्या पोटात दुखलं. रिकाम्या हातांनी घरी यायचो, पण काय तोरा असायचा!

एकदाच ताईने मोठा हात मारला. याच दालनातला रांजण. कमरेएवढा, आणि गळ्याशी घडवणाऱ्याच्या बोटांचे ठसे. माणूस गेला, त्याचा राजा गेला, बोटं तेवढी राहिली. ताईची त्यावरून नजर हटेना. तो दारातून जाईल की नाही यावर आम्ही कितीतरी दिवस भांडलो. शेवटी रांजण कवेत धरल्यासारखे हात करून तिने दारातून आत येऊन दाखवलं, आणि रांजण खिडकीजवळ आला. आला म्हणजे काय, तिथे आम्ही दुसरं काही ठेवायचोच नाही. ट्रंक, शिलाई मशीन, गाद्या सगळं इकडे दाटीवाटीने, ती जागा मोकळी. केर काढताना ताई वळसा घालून जायची. मग मीही घालू लागले. शहाण्या माणसाने बघितलं असतं तर कपाळावर हात मारला असता.

परवा ताईचं ऑपरेशन व्हायचं होतं. पोट उघडल्यावरच काय ते कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको, अशा पेशंटांच्या वॉर्डच्या चादरी माझ्याच हातून जातात. आज तिने साधा एक दिवा जरी निवडला असता, तरी तो ठेवायला तिला घरी यावं लागलं असतं. मला तेवढंच हवं होतं.

पहारेकरी स्वतःची खुर्ची घेऊन आला. "बसा ताई."

ती रांजणासमोर बसली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मी तो परत ठेवला बरं का."

"काय?"

"रांजण. होता तिथे ठेवून दिला. तुला एकटीला कशाला ती अडगळ? खिडकीजवळ तुझी गादी टाक. वारा येतो तिथे."

माझं डोकंच फिरलं. "कुणाला विचारून ठेवलास? घरात आलेली वस्तू दोघींची असते! मी नाही टाकणार गादी."

"हट्टी मेली," ती म्हणाली आणि माझा हात धरला. तिचा हात तापलेला होता. मी तिथेच हुंदके देऊन रडले. पहारेकऱ्याने भिंतीकडे तोंड केलं.

ऑपरेशन झालं, पण ताई शुद्धीवर आली नाही.

लोक सांत्वनाला आले. खोली ती केवढी, बसायला जागा पुरेना. आत्या खुर्ची उचलून खिडकीकडे निघाली.

"तिथे नको, आत्या."

"का गं? एवढी जागा मोकळी आहे की."

"दाराशी बस हवं तर. तिथे नको."

आत्या खुर्ची हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग तिने ती दाराशी ठेवली. मी चहाचे कप घेऊन उठले, खिडकीजवळून वळसा घालून गेले, आणि तिच्या हातात कप दिला.