आठ सारखी चित्रे

बुधवारी सकाळी निदाने टॅब उघडला, क्षणभर पाहिला, पालथा घातला आणि ती टेबलाखाली जाऊन बसली. गुरुवारी आणि शुक्रवारीही वर्गात आल्याआल्या ती तिथेच शिरली, आणि बिघाड नेमका कुठे आहे, हे बापूंना काही केल्या उमगत नव्हते.

बापूंनी एकतीस वर्षे तंत्रनिकेतनात मोजमापशास्त्र आणि यंत्रआरेखन शिकवले होते. निवृत्तीनंतर ते बोर्ली पंचतनला आपल्या सुपारीच्या वाडीत परतले, तेव्हा श्यामलाने त्यांना गाठले. श्यामला विशेष मुलांची शिक्षिका. बाजारामागच्या दोन खोल्यांत ती सात मुलांचा वर्ग चालवीत असे. देणगीत आलेल्या चार टॅबवर मुलांनी स्वतः फोटो काढायचे, त्यांना क्रमाने लावायचे, जमेल तसा आवाज जोडायचा आणि आपली गोष्ट आपणच सांगायची, अशी तिची योजना होती. "मुलांचं मी बघते, बापूकाका. टॅबचं तुम्ही बघा," एवढीच कामाची वाटणी.

निदा नऊ वर्षांची, खाडीकाठच्या मोहल्ल्यातली. ती बोलत नसे, बोट दाखवीत नसे, हाक मारली तर वळून पाहत नसे. तिची आई सकिना हातातले शिवणकाम बाजूला ठेवून तिला रोज रिक्षाने आणी. तिने पहिल्याच दिवशी बजावले होते, "एक महिना बघते, मॅडम. पोरीला काय जमतंय असं दिसलं तर आणीन. न्हायतर माझी पोर घरीच बरी." तो महिना आज संपत होता. आणि गेल्या रविवारसाठी टॅब घरी नेऊन सोमवारी हसऱ्या चेहऱ्याने परत आणणारी निदा तीन दिवस टेबलाखाली होती.

बापूंनी रीतसर शोध चालवला होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, हा त्यांचा जुना शिरस्ता. बुधवारी त्यांनी पडद्याचा उजेड कमी केला. दुपारी आवाज बंद केला. गुरुवारी टॅबच बदलून पाहिला, सगळी चित्रे दुसऱ्यात उतरवून, मग पुन्हा जुनाच दिला. प्रत्येक बदलाची वहीत नोंद झाली आणि प्रत्येक नोंदीपुढे एकच शब्द पडला, 'नाही'. यंत्र तर ठणठणीत होते. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी स्वतः चारही टॅब स्वच्छ करून, हललेले आणि दुबार फोटो काढून टाकून, जागच्या जागी ठेवले होते. मग मुलीचे बिनसले कशाने?

आज ते गुडघे सांभाळत टेबलाजवळ सतरंजीवरच बसले. आपल्या शेळीची गोष्ट करून सगळ्यांना दिवसातून चारदा ऐकवणारी वल्लरी त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

"काका, तुमचं डोकं हँग झालंय."

"झालंय खरं."

"बंद करून चालू करा ना मग!"

श्यामलाला हसू आले, पण ते टिकले नाही. बाहेर रिक्षा थांबली होती. सकिना आली ती चपला न काढता उंबऱ्यातच उभी राहिली. "भिकूभाऊंना थांबायला सांगितलंय. तिचं दप्तर द्या, मॅडम."

"सकिनाताई, दोन मिनिटं बसा तरी. तिची गोष्ट बघून जा."

गोष्ट कसली! बापूंनी ओशाळून टॅब पुढे केला. पडद्यावर एकच चित्र होते: खाडीवरचा धक्का, त्याच्या दगडी पायऱ्या, खाली पाणी. माणूस नाही, होडी नाही, आवाज नाही.

सकिनाने बोटाने पडदा सरकवला. पुन्हा सरकवला. "बाकीचे कुठं गेले?"

"बाकीचे म्हणजे?"

"फोटो, सर. एवढा एकच कसा? रविवारी दुपारची जोहरची नमाज झाली तशी बसली होती धक्क्यावर, उन्हं कलून असर झाली तरी उठेना. मी चहा घेऊन गेले तर मला ढकलून लावलं. सारखी टिकटिक चालली होती."

"होते आणखी," बापू सावकाश म्हणाले. "आठ होते. पण ते आठही एकच, म्हणजे अगदी सारखे. बटण चुकून दाबलं गेलं असावं, म्हणून मी सात काढून टाकले."

हे म्हणताना त्यांना वावगे काहीच वाटत नव्हते. एकच प्रसंग गोष्टीत आठदा कशाला? पण श्यामलाने कपाळावर हात मारला आणि टेबलाखाली काहीतरी हलले.

"काका! मला विचारायचं तरी."

"पण श्यामला, ते सारखेच होते गं."

"मिळतील का परत?"

मिळणार होते. काढून टाकलेले फोटो महिनाभर टॅबच्या कचरापेटीत पडून असतात, हे बापूंना ठाऊक होते. त्यांनी ते एकेक करून बाहेर काढले आणि वेळेनुसार लावले. मग चष्मा वर करून, खाली करून पाहिले. धक्का, पायऱ्या, पाणी. धक्का, पायऱ्या, पाणी. कशात काय फरक आहे, देव जाणे.

"पायऱ्या मोजा, सर," सकिना म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

बापूंनी मोजल्या. पहिल्या चित्रात नऊ पायऱ्या कोरड्या होत्या. दुसऱ्यात आठ. तिसऱ्यात सात. शेवटच्यात दोन.

"खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध हाय. ओहोटीला होडी आत येत न्हाय, बाहेरच खोळंबते. दोन पायऱ्या उरल्या की तिचे अब्बा येतात. आमच्याकडं शेंबडं पोरही घड्याळ बघत न्हाय, पायऱ्या बघतं." सकिनाने टेबलाखाली वाकून पाहिले. "पण हिला कळतं, हे मला माहीत नव्हतं. खुदा कसम, माहीत नव्हतं."

प्रत्येक पायरी बुडाली की एक चित्र. ना आधी, ना नंतर. तीन तासांत आठ वाचने आणि एकही चुकीचे नाही. बापूंच्या प्रयोगशाळेत असे विद्यार्थी किती झाले असतील? आणि त्या वहीतली सात पाने त्यांनी आपल्या हाताने फाडली होती, वर टापटीप म्हणून.

तरीही त्यांचे समाधान होईना. "पण मग शेवट कुठे आहे? होडी आली, वडील उतरले, ते चित्र नाही. नववा फोटो कचरापेटीतही नाही. गोष्ट अपुरीच राहिली की."

सकिना एकदम हसली, हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले. "होडी दिसल्यावर टॅब कोण धरून बसेल, सर? पायरीवर टाकला नि सुटली धावत. मी उचलला म्हणून, न्हायतर गेला होता तुमचा टॅब भरतीला."

गोष्ट सांगणाऱ्याला शेवट लागल्याबरोबर गोष्टीची गरजच उरू नये, याला काय म्हणायचे? हे बापूंच्या कुठल्याच कोष्टकात बसत नव्हते.

टेबलाखालून एक हात आला आणि त्याने टॅब ओढला. निदा गुडघ्यांवर सरकत बाहेर आली. तिने बापूंकडे पाहिले नाही. बोटाने चित्रे मागे नेत नेत ती पहिल्या चित्रापाशी थांबली, नऊ पायऱ्यांपाशी. बापूंनी मदत म्हणून पुढचे चित्र आणायला बोट उचलले, तर तिने ते मुठीत घट्ट धरून ठेवले.

"आता काय करू?" बापूंनी हळूच विचारले.

श्यामलाही वाकून पडद्याकडे पाहू लागली.

बाहेर भिकूने दोनदा भोंगा वाजवला. सकिनाने चपला काढल्या, खिडकीशी जाऊन ती म्हणाली, "भिकूभाऊ, तुम्ही निघा. सोमवारी नेहमीच्या वेळेला या." मग ती लेकीच्या बाजूला येऊन बसली.

एक मिनिट गेले. पाच गेली. पडद्यावर तेच चित्र, आणि बापूंचे बोट त्या लहानशा मुठीत. टॅब मिटू लागला की निदा त्याला हलकेच टिचकी मारून जागा करी. तिला पुढे नेमके कधी जायचे आहे, हे बापूंना कळेना.

"बसा निवांत, सर," सकिना म्हणाली. "पायरीपर्यंत पाणी भरायला वेळ लागतो."